सुचलेलं निसटू नये म्हणून तुम्ही काय करता?

मोगरी, सांगली

मंडळी, हा प्रश्न लिहिणाऱ्यांसाठी आहे, तसाच चाली बांधणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, विणणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

मी बँकेत कॅश काउंटरला बसते आणि उरलेल्या वेळात एकांकिका लिहिते. काउंटरवर असताना फोन ड्रॉवरमध्ये असतो. समोर रांग, हातात नोटा, आणि नेमकं तेव्हाच महिनाभर अडून बसलेल्या प्रवेशातलं पात्र बोलायला लागतं. रात्री सगळं आवरून वही उघडावी तर ते गप्प. हा अनुभव इथल्या बहुतेकांना असेल, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

सुचल्या सुचल्या लिहून ठेवा, असं सगळेच सांगतात. पण किती लिहायचं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

समजा, चिठ्ठीवर लिहिलं: ‘पासबुक, आजोबा’. लिहिताना सगळं चित्र डोळ्यांसमोर लख्ख असतं, त्यामुळे दोन शब्द पुरेसे वाटतात. पंधरा दिवसांनी त्या चिठ्ठीत फक्त एक पासबुक आणि एक आजोबा उरतात. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘म्हातारा दर सोमवारी पासबुक भरून घ्यायला येतो. पैसे काढत नाही. मुलाने पैसे पाठवले का, हे कुणाला तोंडाने विचारायचं नाही, म्हणून मशीनकडून छापून घेतो. तिथे उभ्याने वाचत नाही. बाहेर पायरीवर जाऊन, चष्मा पुसून मग वाचतो.’

हे लिहायला एक-दोन मिनिटं लागतात. पण यात माणूस आहे, त्याची लाज आहे, रंगमंचावर करायची हालचाल आहे. यातून मी कधीही पुढे जाऊ शकते.

तर माझं म्हणणं असं की टिपण करताना आपण ते एखाद्या अनोळखी माणसाला सांगतोय असं समजून लिहावं. पंधरा दिवसांनी ते वाचणारी मी त्या क्षणाला तितकीच अनोळखी झालेली असते.

माझी वही तळहाताएवढी आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. पानाच्या डोक्यावर तारीख आणि त्या दिवसांत कोणत्या प्रवेशात अडकले होते तेही लिहिते. दोन ग्राहकांच्या मधल्या वेळात होईल तेवढं खरडायचं आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, ते पूर्ण वाक्यांत उतरवायचं. सुट्टी टळली की गेलं.

तुम्ही काय करता? कृपया नेमकं सांगा. ‘प्रतिभा ही देणगी आहे’ वगैरे नको.

---

सूरपेटी, नाशिक

ताई, धागा अगदी जिव्हाळ्याचा आहे. माझ्याकडे सुचतं ते चालींच्या रूपात. भावगीतं, मुलांची गाणी, भजनं. तुमचं ‘पासबुक, आजोबा’ आमच्याकडेही होतं, फक्त त्याचं रूप वेगळं.

चाल सुचली की सगळे फोनवर गुणगुणून ठेवतात. दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग, ‘हं हं हं’. महिन्याने ऐकलं तर सा कुठला धरला होता तेच कळत नाही. मध्यमाला सा समजलं की त्याच सुरांतून भलताच राग उभा राहतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे होती, तेही कळत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. रेकॉर्ड सुरू केलं की आधी नुसता सा लावतो, दोन-तीन सेकंद. मग पट्टी, ताल आणि सम तोंडाने बोलतो: ‘काळी एक, केरवा, सम “ये” वर.’ मग मुखडा दोनदा, मांडीवर ताल धरून. शेवटी सरगम म्हणतो. सरगम जमली नाही तर ‘दुसऱ्या ओळीत कोमल निषाद असावा’ असं बोलून ठेवतो. घरी आलो की भातखंडे पद्धतीने वहीत उतरवतो: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब.

पंडित भातखंडे घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवत फिरले आणि त्या स्वरलिपीत बांधून छापल्या. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग आजही विद्यार्थी वापरतात. त्या लिपीत गळ्यातली मुरकी, लगाव उतरत नाही अशी तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण ज्या माणसाने ती बंदिश कधी ऐकलेलीच नाही, त्याला निदान सांगाडा मिळतो. तुमची कसोटी तिथे पूर्ण लागू पडते.

---

अण्णा_कुडाळ

मी थोडं उलट बोलतो, रागावू नये.

जे खरोखर मोलाचं आहे ते विसरलं जात नाही, असा माझा आजवरचा अनुभव आहे. विसरलं ते हलकं होतं. प्रत्येक गोष्ट टिपत बसलो तर अनुभव घ्यायचा कधी? पाऊस पडतोय, समोर नदी फुगलीय आणि माणूस मान खाली घालून फोनवर बोटं चालवतोय, हे मला बघवत नाही.

माडगूळकरांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू व्हायचं होतं. पहिल्या गीताचा कागद सुधीर फडक्यांकडून ऐन वेळी हरवला आणि गदिमांनी ते तिथल्या तिथे पुन्हा लिहून दिलं, असं सांगतात. कागदावर त्यांचं काहीच अडलं नाही. मनात मुरलेलं असलं की ते पुन्हा येतंच.

---

खानदेशची_लेक

अण्णा, तुमचं गदिमांचं उदाहरण मला मान्य आहे, पण तुम्ही त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

ते गीत तोवर पूर्ण झालेलं होतं. छंदात होतं, यमकं जुळलेली होती. छंद हीच आपल्याकडची टिपून ठेवायची सर्वांत जुनी सोय आहे. ओळीची लांबी ठरलेली, शेवट ठरलेला, त्यामुळे एक शब्द निसटला तरी बाकीची ओळ त्याला ओढून आणते. मोगरीताईंचं पात्र जे बोललं ते गद्य आहे. त्याला ओढून आणणारं कुणी नाही.

मी जळगाव जिल्ह्यातली, त्यामुळे बहिणाबाई चौधरींबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, जात्यावर काम करता करता ओव्या सुचायच्या आणि त्या म्हणायच्या. आज त्या आपल्यापर्यंत आल्यात कारण त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी जमतील तशा कागदावर उतरवून घेतल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. कागदावर न आलेल्या ओव्या किती होत्या, हे आता कोण सांगणार? त्या हलक्या होत्या असं मी तरी म्हणू धजणार नाही.

आणि आपल्या परंपरेत बघा, सुचणारा एक आणि टिपणारा दुसरा असंच किती ठिकाणी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला झाली, तिचे लेखनिक सच्चिदानंदबाबा, आणि त्यांचं नाव ग्रंथाच्या शेवटी ओवीत आलंय. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे चाकणचे संताजी जगनाडे. समर्थांचे कल्याणस्वामी. टिपणाऱ्याचं काम आपल्याकडे कधीच कमी दर्जाचं मानलं गेलेलं नाही.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव नोंदवलं. आता त्या संग्रहातल्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. गिरण्या आल्यावर जाती थांबली. हे काम तेव्हा झालं नसतं तर मागे काय राहिलं असतं?

माझं स्वतःचं सांगायचं तर मला भाकरी थापताना सुचतं. हात पिठात. मी लेकीला हाक मारते, ‘लिही गं’, आणि ती लिहिते. ती कॉलेजला गेलेली असली तर फोनला बोलून सांगते. पण बोललेलं आपोआप टाइप होतं त्यावर विसंबू नका. प्रमाण मराठी बरं येतं, आमच्या बोलीतलं ‘घरोट’ (म्हणजे जातं) म्हटलं की ‘घरोघरी’ उमटतं. त्यामुळे मी टाइप करून घेतच नाही, आवाजच साठवते. माझा हेल त्यात राहतो आणि पुढची ओळ बहुतेक वेळा त्या हेलातूनच सापडते.

---

अण्णा_कुडाळ

छंदाचा मुद्दा पटला. मी अभंग लिहितो, गद्य क्वचितच. माझा अनुभव त्यामुळे एकांगी असू शकेल. पावसाबद्दलचं मत मात्र कायम.

---

स्टेथो, छ. संभाजीनगर

लहान वैज्ञानिक भर घालतो. अण्णांच्या ‘मोलाचं असेल ते आठवतंच’ याला प्रयोगांचा आधार नाही.

१९५९ साली पीटरसन दांपत्याने साधा प्रयोग केला. माणसाला तीन अक्षरं सांगायची आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं, म्हणजे मनात घोकता येऊ नये. अठरा सेकंदांत बहुतेकांची अक्षरं पुसली गेली. मोगरीताई काउंटरवर नोटा मोजतात, म्हणजे जवळपास हाच प्रयोग रोज स्वतःवर करतात! समोर आकडे असताना सुचलेलं वाक्य टिकणं जवळजवळ अशक्य. विसरण्याचा आणि त्या विचाराच्या किमतीचा इथे काहीच संबंध नाही.

झोपेतलं आणखी नाजूक. ऑस्ट्रियात ग्राझला ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. मज्जातंतू हृदयाला निरोप कसा पोचवतो, विजेने की रसायनाने, हा त्या काळचा वाद. एका रात्री त्यांना झोपेत प्रयोग सुचला. उठून कागदाच्या कपट्यावर खरडलं आणि परत झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना आणि प्रयोगही आठवेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तोच विचार परत आला. या वेळी लिहीत बसले नाहीत, सरळ प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाच्या व्हेगस मज्जातंतूला उद्दीपन दिलं, ते मंदावलं, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला आणि तेही मंदावलं. रसायन सिद्ध. १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

लोकांना यातली दुसरी रात्र आवडते. मला पहिली महत्त्वाची वाटते. टिपण केलं होतं, वेळेवर केलं होतं, आणि तरी उपयोग झाला नाही. विचार दुसऱ्यांदा आला हे नशीब. उशाशी वही ठेवत असाल तर दिवा लावा, उठून बसा आणि मग लिहा.

अण्णांच्या बाजूने एक. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की डोळा लागण्याच्या अगदी पहिल्या टप्प्यात किमान १५ सेकंद गेलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना गणितातला लपलेला नियम सापडला. जे जागेच राहिले त्यांच्यात हेच प्रमाण ३० टक्के होतं. जे त्याहून गाढ झोपले त्यांचा फायदा गेला. म्हणजे मान वर करून नुसतं पावसाकडे बघत बसणं गरजेचंच आहे. तिथेच सुचतं. फक्त त्यानंतर लगेच वही हवी.

---

मधुरा, डब्लिन

स्टेथोंचं वाचून राहवलं नाही. मी राहते तिथून रॉयल कॅनॉलच्या काठाने चालत गेलं की ब्रूम ब्रिज लागतो. १६ ऑक्टोबर १८४३ ला गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन पत्नीसोबत इथूनच रॉयल आयरिश अकादमीच्या बैठकीला निघाले होते. कित्येक वर्षं अडलेलं गणित पुलापाशी सुटलं आणि त्यांनी खिशातल्या चाकूने पुलाच्या दगडावर सूत्र कोरलं: आयचा वर्ग, जेचा वर्ग, केचा वर्ग आणि तिघांचा गुणाकार, सगळे उणे एक. याच त्या क्वाटर्नियन नावाच्या, चार घटकांच्या संख्या. आज व्हिडिओ गेम आणि उपग्रहांची दिशा सांभाळणाऱ्या प्रणालींत तेच गणित चालतं.

मूळ कोरीवकाम आता दिसत नाही, १९५८ साली लावलेली पाटी आहे. दर १६ ऑक्टोबरला डनसिंक वेधशाळेपासून पुलापर्यंत पदयात्रा निघते, मीही चालले आहे. तिथे सगळे दगडाचे फोटो काढतात. पण मोगरीताईंचा धागा वाचल्यावर मला आठवलं ते वेगळंच. हॅमिल्टनने मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की त्याने तिथेच खिशातली वही काढून नोंद केली. आणि दुसऱ्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, मित्र जॉन ग्रेव्ह्ज याला लांबलचक पत्र लिहून आपण या सूत्रापर्यंत कसकसे आलो, ते पायरीपायरीने सांगितलं. दगडावरचं सूत्र म्हणजे ‘पासबुक, आजोबा’. ते दुसऱ्या माणसाला कळेल असं झालं ते या पत्रात.

आणि मोगरीताई, तुमच्या गावाचा योग बघा. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झालं तेही १८४३ मध्येच. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो. दोन्हींत तीन आठवड्यांचंही अंतर नाही!

---

मोगरी

मधुरा, हे वाचून अंगावर काटा आला. भावे नाट्यमंदिरावरून रोज जाते मी.

---

ठिपका, कोल्हापूर

छोटा प्रतिसाद. मी रांगोळ्या स्वतः रचते. बसमध्ये नक्षी सुचली तर पूर्ण काढायची गरज नसते. ‘१५ ते ८, मधले ठिपके’ एवढं लिहिलं की ठिपक्यांचा पाया आला. मग फक्त एक पाकळी नीट काढायची आणि ‘सहा वेळा’ असं लिहायचं. मात्र रंग शब्दांत लिहून ठेवलेत तर फसाल. ‘हिरवा’ म्हणजे पोपटी की शेवाळी? मी ज्या वस्तूवरून रंग सुचला तिचं नाव लिहिते: ‘ओल्या हळदीच्या पानाचा हिरवा’.

---

सह्याद्रीचा_वारा

सगळं छान, पण गाडी चालवताना काय करता? मला नेमकं कात्रजच्या घाटात, बाईकवर सुचतं.

---

सूरपेटी

दादा, घाटात फक्त गाडी चालवा. हेल्मेटमध्ये तेच वाक्य मोठ्याने म्हणत राहा, घोकत राहिलं की टिकतं. स्टेथोंच्या प्रयोगातही घोकता येत नव्हतं म्हणूनच ती अक्षरं गेली. सुरक्षित जागा आली की थांबा आणि बोलून ठेवा. चालत्या गाडीवर फोन काढण्याएवढं मोलाचं काहीही सुचत नाही.

---

निळी_शाई, मुंबई

माझा प्रश्न वेगळा आहे. मी टिपते भरपूर. लोकलमध्ये, ऑफिसात, डॉक्टरकडे. फोनमध्ये टिपणांचा ढीग झालाय आणि उघडून बघवत नाही. त्याचं काय करायचं?

---

मोगरी

निळी शाई, हा प्रश्न आलाच पाहिजे होता.

निकलस लुहमान हे जर्मन समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमवल्या आणि त्यांच्या बळावर ढीगभर पुस्तकं लिहिली. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक आणि तिच्यावर तिच्याशी नातं असलेल्या दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक. मला एवढी शिस्त झेपणार नाही, पण त्यातलं एक घेतलंय: नवीन टिपण वहीत उतरवताना जुनं एखादं शोधायचं आणि दोन्हींवर एकमेकांची पानं लिहायची. आजोबांच्या पानावर आता ‘पान ४१ पाहा’ असं आहे. तिथे एक पोस्टमन आहे ज्याच्याकडे आता पत्रंच नसतात, फक्त पार्सलं. दोघं एका पायरीवर बसले तर काय बोलतील, यावरच सध्याची एकांकिका चाललीय. हे दोघं वेगवेगळ्या वर्षी सुचलेत. ढीग चाळला नसता तर भेटलेच नसते.

दुसरं, डार्विनचा एक नियम होता, त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली किंवा सुचली की ती ताबडतोब, न चुकता टिपायची, कारण अशा गोष्टी मन फार लवकर विसरतं. मला हे नाटकात फार उपयोगी पडतं. पात्राबद्दल आपलं मत ठरलं की त्याला छेद देणारं काहीही सुचलं तर ते आधी लिहिते. आजोबा बिचारे आहेत हे ठरलं होतं. मग एक दिवस लिहिलं, ‘पासबुकात पैसे आलेले दिसले की ते शेजाऱ्याला उगाच दाखवतात आणि त्याच्या मुलाची चौकशी करतात’. त्या एका ओळीने ते माणूस झाले.

---

खानदेशची_लेक

मोगरीताई, एक विचारू का? हे आजोबा बँकेत खरंच येतात का? समोरच्या माणसाचं आपण उचलतो तेव्हा कुठे थांबायचं?

---

मोगरी

विचारलंत ते बरं केलंत. नाही, असे एक आजोबा नाहीत. पायरीवर बसणारे वेगळे, चष्मा पुसणारे माझे मामा. ग्राहकाच्या खात्यातलं काही वहीत येत नाही, नाव येत नाही, आकडा येत नाही. तो नोकरीचा नियम आहेच, पण नसता तरी मी पाळला असता. माणसाने आपल्यासमोर विश्वासाने पासबुक सरकवलेलं असतं.

---

अण्णा_कुडाळ

एक सुचवू? मोगरीताईंची कसोटी अशी की अनोळखी माणसाला कळलं पाहिजे. इथे आपण सगळे एकमेकांना अनोळखीच आहोत. तर प्रत्येकाने या आठवड्यातलं एक टिपण जसंच्या तसं इथे टाकावं आणि बाकीच्यांनी सांगावं, कळतंय का.

मीच सुरुवात करतो. पावसात वही काढली नाही, घरी येऊन लिहिलं: ‘होडी उलटी करून ठेवलीय, खाली कोंबड्या.’

---

निळी_शाई

अण्णा, होडी कुठे ठेवलीय? आणि उलटी का?

---

अण्णा_कुडाळ

आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर आणतात आणि पालथ्या घालतात. बरोबर आहे, हे लिहायला हवं होतं. आता असं: ‘आषाढ. होडी ओढून अंगणात आणून पालथी घातलीय. पाऊस वाढला की कोंबड्या तिच्याखाली जातात. म्हातारी कोळीण रोज संध्याकाळी वाकून आत बघते, सगळ्या आल्या का.’

---

ठिपका

आता दिसलं. म्हातारी मोजते का तोंडाने?

---

अण्णा_कुडाळ

मोजते. ते राहिलंच लिहायचं. थांबा, वही आणतो.